खालाचा अर्धा किलो

माझं अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. खालासमोर जे तोंडातून निघालं नाही ते निदान कागदावर उतरावं म्हणून लिहिते आहे.

आमच्या आगरदांड्याकडून कुणी आखातात कामाला निघालं की बॅग भरायला खाला यायची, साऱ्या वाडीचीच मावशी. आणि आली की पहिलं काम एकच करायची. दारात चप्पल काढतानाच म्हणायची, "आयशीला भायेर काढा." जाणाऱ्या मुलाची आई खोलीत असली तर ती बॅगेला हातच लावत नसे. आई रडली, भांडली, तरी बाहेर. आत कडी. मग ओटीवर बसलेली आई आणि आतून बॅगेच्या चेनचे आवाज. आमच्या वाडीतल्या सगळ्या आया कधी ना कधी अशा ओटीवर बसल्या आहेत.

"आई बॅग भरत न्हाय, पोराचं पोट भरते," असं तिचं म्हणणं. "तीन साबणाच्या वड्या, चार नारळ, आणि पोराची पॅन्ट घरीच."

तिचा नवरा जहाजावर होता. त्याची बॅग भरून भरून ती शिकली. ती कपड्यांच्या घड्या घालायची नाही, घट्ट वळकट्या करायची. मोजे बुटांच्या पोटात, पट्टा शर्टाच्या कॉलरमध्ये गोल. जड सामान चाकांकडे, हलकं वर. तेलाच्या बाटलीच्या तोंडावर आधी प्लॅस्टिकचा तुकडा, मग झाकण, मग चिकटपट्टी. कागदपत्रं बॅगेत घालू द्यायची नाही, "ती आंगाला लावून ने" म्हणायची. सगळं बसलं की आढ्याला ताणकाटा बांधून बॅग लटकवायची आणि डोळे बारीक करून आकडा वाचायची.

ह्या कामाचे पैसे ती घेत नसे. तिची मजुरी ठरलेली होती, बॅगेतला अर्धा किलो. तिचा मुलगा इरफान कतारला. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक बॅगेत खालाचं अर्ध्या किलोचं एक पुडकं जायचं, पांढऱ्या कापडात शिवलेलं. बहुतेक घरचा मसाला असायचा. ते ती सगळ्यात वर ठेवायची. "उतरल्याबरोबर हाताला लागायला हवं. खाली घातलं की पोरं विसरतात." शिवाय आणखी अर्धा किलो ती मोकळा सोडायची. विमानतळावरचा काटा आणि आपला काटा सख्खे भाऊ नसतात, म्हणायची.

माझा नितीन एसी दुरुस्तीच्या कामावर कतारला निघाला तेव्हा मीही ओटीवर बसले. मी कुणाशी वाद घालणारी नाही. बस म्हटलं तिथे बसते. पण पदराखाली किलोभर सोडे होते. मी स्वतः कोलंबी सोलून, उन्हात वाळवून, तीन पिशव्यांत बांधलेले. लहानपणापासून नितीनला सोड्याच्या कालवणाशिवाय भात उतरत नाही. मी दारातून विचारलं होतं. आतून खाला म्हणाली, "न्हाय. वास सुटला तर सगळ्या कपड्यांना लागंल. पोरगा तिथं मच्छी घेऊन खाईल, उपाशी मरत न्हाय."

बॅग झाली, काट्यावर बरोबर भरली. नितीन मित्रांना भेटायला गेला. खाला बाहेर येऊन माझ्याशेजारी टेकली. तेव्हाच ती म्हणाली, "शेवंते, या खेपेला मसाला न्हाय हां. इरफानला लेक झाली ना, तिचं दुपटं हाय. माझ्या निकाहच्या ओढणीचं अस्तर लावलंय. आता डोळ्यांना टाका दिसत न्हाय. हे शेवटचंच." मग अजान झाली आणि ती नमाजाला घरी गेली.

मी आत गेले. चेन उघडली, जीन्सच्या वळकटीत सोडे घुसवले आणि सगळं पुन्हा होतं तसं बसवलं. मनात आनंद होता. तेवढा एक गुन्हा मी आयुष्यात आनंदाने केला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून नितीनचा फोन आला. "आई, खालाचा काटा चुकला बघ. वजन जास्त भरलं. मागे ही मोठी रांग, परत घरी पाठवायला गाडीवाला पण निघून गेलेला. मग वरचं पुडकं काढून तिथंच ठेवलं. मसालाच असेल. हाताला मऊ लागलं, पण बघायला वेळ नव्हता."

सोडे त्याला माहीतच नव्हते. दुपटं आहे हेही मी त्याला सांगितलं नव्हतं. फोनवर मी "बरं" म्हणाले.

संध्याकाळी खाला आली. "पोचला?"

"पोचला."

"आणि माझं?"

"पोचलं," मी म्हणाले.

असं का म्हणाले ते अजून कळत नाही. इरफान सुट्टीच्या दिवशी नितीनकडे जाणार, त्याला कळणार, तो आईला सांगणार, एवढं तर मलाही समजत होतं. तिकडच्या सुट्टीचा शुक्रवार आला. मी दिवसभर ओटीवर गेले नाही. शनिवारी खाला नेहमीसारखी आली, दारात उभी राहून म्हणाली, "बोंबील महाग केलेत गो मेल्यांनी," आणि थोडा वेळ बसून गेली. दुपट्याचं नाव काढलं नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

त्यानंतर वाडीत एक नवलाची गोष्ट झाली. खालाने आयांना बाहेर काढणं सोडलं. पलीकडच्या घरातला मुलगा निघाला तेव्हा तिने त्याच्या आईला हाताला धरून बॅगेशेजारी बसवलं. बायका हसल्या. "खाला म्हातारी झाली, मऊ पडली." मी त्यांच्यात उभी होते आणि मलाही हसावं लागलं.

दोन वर्षांनी नितीन सुट्टीवर येऊन परत निघाला. खाला आली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी सवयीने ओटीकडे वळले.

"कुठं चाललीस? बस हितं. काय घालायचं ते माझ्यासमोर घाल."

मी सोडे पुढे केले. तिने नाकाला लावून बघितले, "चांगले वाळलेत," म्हणाली, आणखी एक पिशवी चढवली आणि चाकांकडे नीट बसवले. मग काटा. वर अर्धा किलो मोकळा राहिला, नेहमीसारखा. तिचं पुडकं नव्हतं.

"खाला, तुझं?"

"आता काय न्हाय गो पाठवायला."

तेव्हा बोलायला हवं होतं. नितीन बाहेर होता, आम्ही दोघीच होतो. ती बॅगेची चेन लावत होती, हळूहळू, जणू मला वेळ देत होती. मी उठले आणि चहा टाकला.

त्याच पावसाळ्यात मी दुपटं शिवायला घेतलं. माझ्या मऊ झालेल्या लुगड्यांचं. टाके जाड पडले, दोनदा उसवले. पुरं झालं, पण खालाला नेऊन द्यायचा धीर झाला नाही. काय सांगून देणार? ते ट्रंकेत राहिलं आणि खाला गेली. रमजानच्या आधी, झोपेतच.

इरफान आला. सगळं उरकल्यावर निघायच्या आदल्या दुपारी माझ्या दारात उभा. हातात रिकामी बॅग आणि आईचा ताणकाटा. "मावशी, भरून देशील? अम्मीचं सगळ्यात जास्त तूच बघितलंयस."

मी वळकट्या करत होते आणि तो शेजारी बसून मोजे देत होता. खाली बघूनच मी सगळं सांगितलं. सोडे, चेन, पोचलं म्हटलं तेही.

त्याने पुढचा मोजा माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "अम्मीला माहीत होतं, मावशी. नितीनने सोडे सापडले म्हणून मला खायला घातले होते ना! मी चिडून अम्मीला फोन केला. ती म्हणाली, चूक माझी. आयशीला दाराबाहेर ठेवलं तर ती खिडकीतून येणारच. वजनात तिला धरायलाच हवी होती." तो हसला. "पण रडली होती. खोटं न्हाय सांगत."

ती रडली असं तो म्हणाला, हे मला बरं वाटलं. नाहीतर सगळं फारच स्वस्तात मिटलं असतं.

मी ट्रंकेतून दुपटं काढलं. पांढऱ्या कापडात शिवून काट्याला लावलं. पाऊण किलो भरलं. इरफानने काटा वाचला आणि भुवया उडवल्या.

"अम्मीचा तर अर्धाच होता. व्याजासकट देतेस काय?"

"व्हय," मी म्हणाले. ते पुडकं मी सगळ्यात वर ठेवलं आणि चेन लावली.

परवा त्याचा फोन आला. "मावशी, पोचलं. लेक आता मोठी झालीय, पाय भायेर येतात, तरी तेच घेऊन झोपते."

फोन ठेवून मी खालाच्या घराकडे गेले. दाराला कुलूप आहे. जिथे ती चप्पल काढायची त्या पायरीवर बसले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी आवाज बारीकच निघाला.

"पोचलं गो खाला," मी म्हणाले.