काठाला दिलेली दाद

"फडकंच तं होतं, काहून चिडून राहिला गा?" मोठा भाऊ मला म्हणाला. त्याच्या मोटरसायकलची चेन पुसून काळाकुट्ट झालेला पंचा माझ्या हातात होता. मी विणलेला पंचा!

मी हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. सहा दिवस एकाच मशीनपुढे उभं राहायचं, म्हणून मीच मला बक्षीस लावून घेतलं आहे. आठवडाभर दांडी मारली नाही, तर रविवारी सकाळी तर्री-पोहे खायचे आणि बाबांच्या जुन्या हातमागावर चार बोटं कापड विणायचं. बाबा पोटासाठी विणायचे, मी हौसेसाठी विणतो. सहा महिन्यांचे रविवार त्या पंच्यात गेले होते.

'या वयात कसले शौक?' असं बाहेरच्यांनी विचारलं तर मी ऐकून घेतो. पण भाऊ त्याच मागाच्या खटखटीत वाढला. लहानपणी माझा पाय सुतावर पडला, तर पहिली चापट त्याची बसायची. आता म्हणे फडकं!

'चुकून घेतला असेल,' असं म्हणत मी राग गिळतच होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "चुकून नाही जी. आधी त्यांनी काठ चिमटीत धरून चोळून पाहिला. मान डोलवली. मग पुसायले घेतला."

बाबा असाच काठ चोळायचे, आणि वीण पक्की असली तरच मान डोलवायचे.

माझ्या कामाला भावाने आयुष्यात दिलेली ती पहिली दाद. ती देऊन त्याने चेन पुसली.