जगदेवीनं परत केलेलं ताट

आमच्या सिरसाळ्यात जगदेवीची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर तिनं गिरणीचा पट्टा चढवायचं स्वतः शिकून घेतलं. अठरा वर्षांत कुणाचं पीठ जळू दिलं नाही, की कुणाच्या डब्यातली मूठ मागं ठेवली नाही. म्हणून बायकांनीच तिला पंचायत समितीला उभं केलं. मी शेजारीण, प्रचारात रोज तिच्यासोबत.

त्या सोमवारी आम्ही गावाच्या कडेच्या वस्तीत ताराबाईकडे गेलो. तिनं भाकरी-पिठल्याचं ताट पुढं केलं.

"मतं मागायला येतीस अन् उपाशी जातीस? कावून गं?"

"सोमवार हाय माजा. उद्या बलीव, दोन भाकरी जास्त खाते."

"बरं बाई, तुज्या महादेवाम्होरं माजं काय चालतंय!" ताराबाई हसली. जगदेवीनं ताट कपाळाला लावून परत दिलं. मागं उभं असलेलं एक पोरगं मोबाईलवर सगळं टिपत होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवरच्या एका चॅनेलनं बातमी टाकली. ताट परत देणारी जगदेवी तेवढी दाखवली, बोलणं कापलं. वर लाल अक्षरं, ‘गरिबाचं अन्न नाकारलं!’ दिवसभर तीच बातमी. वस्तीतले दळणाचे डबे यायचे बंद झाले.

मतदानाला दोन दिवस उरले होते. मी म्हणाले, "ताराबाईच खरं सांगंल लोकांना. चल."

ताराबाई उंबऱ्यातच उभी राहिली. या-बसा काही नाही.

"उपास हाय म्हनून सांगितलं का न्हाई मी तुला?" जगदेवीनं विचारलं.

"सांगितलं आसंल."

"आसंल? तू हसलीस की गं!"

"हसले आसंल. पन बातमीत तू तोंड वाकडं केल्यालं दिसतंय. लई बारी बघितलं मी. तवा ध्यानातच आलं न्हाई माज्या."

वैजनाथा! दार हिचं, ताट हिच्या हातचं, आणि खरं काय ते हिला मोबाईल सांगणार?

घरी येऊन मी ती बातमी लावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाहताना जगदेवीचं तोंड मलाही जरा वाकडं वाटलं. मी तर तिच्या शेजारीच उभी होते.

जगदेवी पडली. वस्तीच्या बूथवर तिला अकरा मतं मिळाली. निकालादिवशी तिनं मला विचारलं, "खरं सांग, मी तोंड वाकडं केलतं का?"

"न्हाई," मी म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. आणि तेवढं थांबणं तिनं बघितलं.