उकळल्याने फरक पडत नाही

वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट प्रमाणाबाहेर होतं. पीएचडीसाठी मीच ते तपासलं होतं. खालच्या मजल्यावर एक तान्हं बाळ होतं आणि त्याची आई वरच्या दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवायची. नायट्रेट मोठ्यांपेक्षा तान्ह्या बाळांना जास्त बाधतं, आणि उकळून ते जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं. एवढंच कोणीतरी तिला सांगायला हवं होतं.

ती नागपूरकडची. नवरा सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा. आम्ही जिन्यात भेटलो की हसायचो, तेवढीच ओळख. कोणाच्या दाराची बेल वाजवणं मला कधीच जमलं नाही. लिहिणं जमतं, म्हणून मी ब्लॉगवर लिहायचं ठरवलं.

"आधी पेपर," माझे गाईड म्हणाले. "ब्लॉगवर टाकलंस तर जर्नलवाले म्हणतील, शिळं आहे."

"पण सर, पेपर छापून यायला वर्ष जाईल."

"मग? पाणी कुठे पळून चाललंय?"

मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी कशीबशी सवलत दिली. पेपरच्या मसुद्यातलं एक वाक्य मराठीत टाकायचं. आकडे नकोत, सल्ला तर मुळीच नको. "सल्ला डॉक्टर देतात. तू अजून कुठलीच डॉक्टर नाहीस."

माझी शाळा इंग्रजी. मराठी घरात बोलायची, लिहायची नव्हे. मी त्या वाक्याचा शब्दाला शब्द लावला: 'बोअरच्या पाण्यातील नायट्रेटच्या बाबतीत, उकळल्याने फारसा फरक पडत नाही.' सरांनी वाचून मान हलवली. "हं. शास्त्रीय आहे."

त्याच आठवड्यात लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. 'आपल्याच सोसायटीतील संशोधक कन्येच्या अभ्यासानुसार बोअरचे पाणी उकळले काय, न उकळले काय, फरक पडत नाही. सभासदांनी विनाकारण शंका काढू नयेत.'

मी सेक्रेटरींकडे गेले. निवृत्त गृहस्थ. दारातच म्हणाले, "अहो, आपणच लिहिलंय ना, फरक पडत नाही? आम्ही एक शब्द पदरचा घातलेला नाही."

"काका, त्याचा अर्थ तसा नाही."

"मग तसा अर्थ असलेलं लिहायचं. मराठीत."

चूक काढायची तर कुठे काढायची? सरांच्या दृष्टीने वाक्य बरोबर, काकांच्या दृष्टीनेही बरोबर. पाणीच तेवढं चूक होतं. चडफडत जिना चढताना खालच्या मजल्यावरचं दार उघडं दिसलं. ती बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती.

"ताई, बरं झालं तुम्ही लिहिलं," ती म्हणाली. "मी रोज उगाच गॅस जाळून राहिली होती. आता बंद केलं उकळणं."

आता ते पाणी नुसतंच, न उकळता बाळाच्या पोटात जात होतं.

"बाळाला बोअरचं पाणी देऊ नका," मी म्हणाले. आवाज उगाचच चढला होता. "उकळूनही नको. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी येतं ते वेगळं भरून ठेवा. ते उकळा आणि तेच द्या."

तिने एकदा बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग असंच काऊन नाही लिहिलं?"

सरांचं नाव घ्यावंसं वाटलं, पण ते तिच्या काय उपयोगाचं? मी वर गेले, ब्लॉगवरचं वाक्य पुसलं आणि तिला जे बोलले होते तेच लिहिलं. बोलले होते तसंच.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "हे काय लिहिलंयस? ही काय शास्त्राची भाषा झाली? संदर्भ कुठे आहे?"

ते बराच वेळ बोलत होते, पेपरचं काय होईल, माझं काय होईल. खाली कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "काढतेयस ना ते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही, सर," मी म्हणाले.