अक्काचा पगार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं — ती रोज ऑफिसात माझ्या समोरच बसते. तिला तर नाहीच.

तुम्ही म्हणाल, नोकरी बदलताना पगाराच्या बोलण्यात सगळेच थोडं इकडंतिकडं करतात. हातात दुसरी ऑफर नसताना आहे म्हणतात, जुना पगार वाढवून सांगतात. मीही तेवढंच केलं असतं तर विसरून गेले असते. मी माझ्याबद्दल काहीच खोटं बोलले नाही. जे बोलले ते शब्दन् शब्द खरं होतं — आणि तेच सांगायला जीभ रेटत नाही.

मी भालकीची. महादेवीअक्का हळ्ळीखेडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हैदराबादच्या एका कन्सल्टिंग कंपनीत आम्ही एकाच टीममध्ये होतो. घरचं मराठी आणि बाजारचं कन्नड दोन्ही बोलणाऱ्या तिथं आम्ही दोघीच, म्हणून पहिल्या आठवड्यातच ती माझी अक्का झाली. कामात ती माझ्यापेक्षा सरस. हा विनय नव्हे. क्लायंटपुढचं माझं पहिलं प्रेझेंटेशन तिनं बसून निम्मं नव्यानं लिहून दिलं, आणि नाव माझं एकटीचं ठेवलं.

मग बीदरच्या त्या स्टार्टअपचं कळलं. दहा-अकरा माणसांची कंपनी. कुठल्या शेतातला ऊस कधी तोडायचा, कुठली गाडी कुठं पाठवायची, हे कारखान्याला आणि शेतकऱ्याला मोबाइलवर दाखवायचं त्यांचं काम. त्यांना आमच्यासारखी दोन माणसं हवी होती. आम्ही दोघींनी अर्ज केला. मला घराजवळ यायचं होतं. अक्काला यावंच लागणार होतं. तिचे अप्पा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. आई आधीच गेलेली, भाऊ-बहीण कुणी नाही. शेजारची बाई दोन वेळा डोकावून जायची, तेवढाच आधार.

मुलाखतीला निघालो तेव्हा बसमध्ये अक्का म्हणाली, "अप्पांचं तिथं काई बोलायचं न्हाई बघ. मला यायचंच हाय हे कळलं, की ते जास्तीचे पैसे कामून देतील?"

"व्हय अक्का," मी म्हणाले. तिनं ते फक्त मला सांगितलं होतं.

मला आधी आत बोलावलं. कंपनी काढणाऱ्या मॅडम कलबुर्गीकडच्या, हळू आवाजात कन्नड बोलणाऱ्या. माझा आकडा त्यांनी कागदावर लिहून घेतला. मग म्हणाल्या, दोघींसाठी मिळून आमच्याकडं ठरलेलीच रक्कम आहे. तुम्हाला एवढं दिलं तर त्यांना कमी द्यावं लागेल, आणि अनुभव तर त्यांचा जास्त. त्या नाही म्हणाल्या तर?

इथं मला थांबता आलं असतं. आकडा खाली आणता आला असता. निदान 'ते त्यांनाच विचारा' असं तरी म्हणता आलं असतं — किती साधं वाक्य आहे, नाही का?

मी म्हणाले, "कमी दिलं तरी येतील त्या. वडील अंथरुणाला आहेत, बघायला दुसरं कुणी नाही. त्यांना यावंच लागणार आहे."

घाबरून नाही, दबून नाही. अगदी सहज. आवाजात थोडी कणवसुद्धा आणली होती — ते मला सगळ्यात जास्त आठवतं. मॅडम "अय्यो, पाप" म्हणाल्या, आपण 'बिचारी' म्हणतो तसं. माझा आकडा त्यांनी मान्य केला.

मग अक्का आत गेली. बाहेर आली ती थेट बसस्टँडकडं चालू लागली. परतीच्या बसमध्ये जहीराबाद मागं पडल्यावर म्हणाली, "आकडा हलवायलाच तयार न्हाईत. मला बोलायलाच जमत न्हाई गं."

"नव्या कंपन्या अशाच असतात," मी म्हणाले. हे मात्र खोटं होतं.

दोन दिवस तिनं कळ काढली, मग होकार कळवला.

याला पाच वर्षं झाली. पगारवाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळं आमच्या पगारांतलं अंतर दरवर्षी वाढत गेलं. अप्पांना तिनं बीदरला आणलं. हाताचे व्यायाम करून घ्यायला एक माणूस रोज यायचा. मग तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. मग अक्का त्याच्याकडून शिकली आणि सकाळी ऑफिसला येण्याआधी स्वतःच करून घ्यायला लागली. अप्पांचा उजवा हात परत चालला नाही. तो माणूस रोज आला असता तर चालला असता का? डॉक्टरांनी कधी तसं म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारायला भ्याले.

गेल्या वर्षी मी टीमची प्रमुख झाले. कुणाला किती वाढ द्यायची याची शिफारस माझ्याकडं आली, तेव्हा मी अक्काचा पगार माझ्याबरोबरीनं करून घेतला. मॅडमना म्हणाले, तिच्या कामाला एवढं मिळायलाच हवं. हेच मला त्या दिवशीही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कानं डबा आणला, शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्यांचा. सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हिच्यामुळं झालं बघा. ही नसती तर मला कुणी इचारलं असतं?"

"तुझ्या हक्काचंच होतं," मी म्हणाले. तिला तो माझा मोठेपणा वाटला. मी तो तसा वाटू दिला. शेंगापोळ्या फार चांगल्या झाल्या होत्या. मी दोन खाल्ल्या.