पेटीवरचं रक्त

आत्याच्या शवपेटीवर पडलेले रक्ताचे थेंब तिच्या धाकट्या मुलाच्या, शमुवेलच्या ओठातले होते. कबरीपाशी पाळकांची प्रार्थना चालू असताना त्याचे हात वर गेले आणि तोंडातून कुणालाच न कळणारे शब्द धो धो वाहू लागले. तो हल्ली जातो ते नवं चर्च याला अन्य भाषा म्हणतं, पवित्र आत्म्याचं दान मानतं. आमच्या जुन्या चर्चमध्ये मात्र अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं, असंच शिकवलेलं.

"तोंड बंद कर!" थोरला दाविद ओरडला. "आईला निरोप द्यायचाय ना, मग तिच्या भाषेत दे!" आणि त्याने सरळ तोंडावर ठोसा हाणला. शमुवेल पेटीवर आदळला. ओठ फाटला, तरी शब्द थांबेनात. दाविदनं पुन्हा मूठ उगारली, तेव्हा चौघांनी त्याला मागे खेचलं.

अर्थच न कळणाऱ्या शब्दांचा एवढा राग कसा येतो? शमुवेलनं शिवी दिली असती तर दाविदनं ती ऐकून घेतली असती. पण भाऊ डोळ्यांदेखत कुठेतरी निघून जातो आणि आपल्याला तिथं जागा नसते, हे बहुधा सोसत नाही.

पेटी खाली उतरली. तिच्यावर पहिली माती पडली आणि दाविद गुडघ्यांवर कोसळला. त्याच्या घशातून कितीतरी वेळ जे फुटत राहिलं, त्यात एकही शब्द नव्हता.

त्याचा अर्थ सांगा, असं आमच्यातलं कुणीच म्हणालं नाही.