एट-के टीव्हीवर हरवलेला बॉल

“बताइए, गेंद कहाँ है?” रिझवी मॅडमनी रिमोट माझ्या हातात दिला आणि मागं भिंतीलगतच्या तख्तावर, लाकडी दिवाणावर, जाऊन बसल्या.

समोर जवळजवळ भिंतभर टीव्ही. त्यावर मुलींच्या हॉकीची मॅच. मुली पळत होत्या, स्टिक फिरवत होत्या, आणि बॉल मलाही दिसेना.

मी एका टीव्ही कंपनीत प्रॉडक्ट ट्रेनर आहे. शोरूममधल्या सेल्सच्या लोकांना शिकवणं माझं काम. नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून सांगलीहून लखनऊला आले आणि इथंच रमले. कस्टमरच्या घरी खरं तर सर्व्हिसवाले जातात. पण त्यांचा माणूस येऊन ‘टीव्ही ओके है’ म्हणून गेला होता आणि मॅडमची तक्रार तशीच होती. मग आमचे रीजनल मॅनेजर मेहरोत्रा सर मला म्हणाले, “भोसले जी, आप ही देख आइए. और सुनिए, टीवी वापस नहीं लेना है. बड़ी मुश्किल से एक एट-के बिका है.”

रिझवी मॅडम जुन्या लखनऊमधल्या ‘चौक’ नावाच्या भागात राहतात. मुलींच्या शाळेच्या प्रिन्सिपल होत्या, आता रिटायर झाल्यात. टीव्ही त्यांच्या कॅनडातल्या मुलानं, फैजलनं, तिथूनच बुक केला होता. जुना एक्सचेंजमध्ये गेला. मॅडमची नात झोया, त्यांच्या मुलीची मुलगी, हॉकी खेळते. रविवारी तिची फायनल होती, दुसऱ्या शहरात. मॅडमचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, म्हणून त्यांनी अर्ध्या गल्लीला मॅच बघायला घरी बोलावलं होतं. आणि बॉलच दिसत नव्हता.

टीव्हीवर चालू होती ती झोयाच्या टीमची आधीची मॅच. “ही मॅच शूट कोण करतं?” मी विचारलं.

“टीम की मैनेजर. स्टैंड में बैठकर, मोबाइल पर.”

मग कोडं सुटलं. टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं असतं. एट-के म्हणजे फोर-केच्या चौपट ठिपके. पण मोबाइलवरून इंटरनेटनं येणाऱ्या चित्रात तेवढे ठिपके नसतातच. उरलेले टीव्ही स्वतः अंदाजानं भरतो. त्यात चित्र साफ करणारी एक सेटिंग असते, नॉइझ रिडक्शन. हिरव्या गवतावरचा इवलासा पांढरा ठिपका तिला कचरा वाटला, आणि ती तो इमानदारीत पुसत होती.

मी ती सेटिंग बंद केली. बॉल आला. मॅडम पुढं सरकून बघू लागल्या.

“गेंद तो आ गई,” त्या म्हणाल्या. “पर बच्चियों के चेहरे? सब मोम के लग रहे हैं.”

ते खरं होतं. थोडं चित्र एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणलं की चेहरे विरघळणारच. त्याला सेटिंग नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि शाळेतल्या मुलीला विचारावं तसं मला विचारलं, “सच बताइए. मुझे यह एट-के चाहिए था?”

मेहरोत्रा सरांचं वाक्य कानात होतंच. पण माझ्या आईनं मला हे विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

“नाही,” मी म्हणाले. “इथं थोडा लहान फोर-के पुरला असता.”

त्यांनी लगेच फैजलला व्हिडिओ कॉल लावला. तो ऐकेना. “अम्मी, एट-के फ्यूचर है. फर्क साफ दिखता है.”

माझ्या पेनड्राइव्हवर ट्रेनिंगसाठी एकच सीन दोन्हीत आहे, फोर-के आणि एट-के. कुठला कुठला ते न सांगता मी दोन्ही लावले. मॅडमनी मोबाइल टीव्हीसमोर धरला.

“दूसरा वाला,” फैजल ठामपणे म्हणाला. “क्या शार्पनेस है.”

दुसरा फोर-के होता. आणि तो ते कॅनडात, मोबाइलच्या पडद्यावर बघत होता. मॅडमनी हसू दाबलं. तख्तावरून त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. मग उठून त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, पुन्हा दोन्ही बघितले आणि म्हणाल्या, “हाँ, यहाँ से पहला बेहतर है. फैजल, मैं नाक लगाकर मैच देखूँ?”

फैजलही हसला. “अच्छा अम्मी, जो आपको ठीक लगे.”

ऑफिसात सर हसले नाहीत. “आपको भेजा किसलिए था?” मी म्हटलं, अर्धी गल्ली रविवारी त्या टीव्हीवर मेणाचे चेहरे बघणार आहे, आणि खाली आपल्या कंपनीचं नाव आहे.  मग त्यांनी लखनऊतल्याच सरोजिनी नगरच्या गोदामात फोन करून लहान फोर-के पाठवायला सांगितला.

रविवारी मी गेले तर सर माझ्या आधी तिथं. कॉलेजात ते हॉकी खेळायचे, हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या बायकांमध्ये जागा करून बसलेले, हातात चहा. चेहरे ओळखू येत होते, बॉल दिसत होता. शेवटी बरोबरी असताना झोया बॉल घेऊन गोलकडे धावली. सर उभे राहिले. तिनं स्टिक उचलली, आणि मोबाइल धरलेल्या मॅनेजर बाईंनी आनंदानं उडी मारली. आम्हाला स्वच्छ निळं आकाश दिसलं, मग कुणाची तरी चप्पल, मग झोयाच्या अंगावर पडलेली सगळी टीम. गोल आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. तरीही मॅडम आनंदानं रडत होत्या आणि सगळ्यांना मिठाई भरवत होत्या.

त्या गल्लीतून नंतर बरेच लोक शोरूमला आले. सगळ्यांनी फोर-केच घेतला. सरांनी तक्रार केली नाही.

आता माझं ट्रेनिंग ठिपक्यांपासून सुरू होत नाही. कस्टमरला आधी दोन गोष्टी विचारा, असं मी सांगते: बघणार काय, आणि बसणार कुठं. बहुतेकांना एट-के लागत नाही. ज्यांना लागतो, ते टीव्हीच्या फार जवळ बसतात; त्यांना आधी खुर्ची मागं घ्यायला सांगा.