रामजीची जर्मन विमानं

"मास्तर, सरसाचं भांडं कुणाकडं ठेवायचं?" पोशेऱ्याचा लहानू शाळेच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, आणि मी हातातला खडू खाली ठेवला. लाकडाला लाकूड चिकटवायचा सरस उकळून उकळून काळंकुट्ट झालेलं ते तांब्याचं भांडं इतकी वर्षं रामजीच्या चुलीशेजारून हललं नव्हतं. ते कुणाकडे ठेवायचं असा प्रश्न लहानूला पडला, म्हणजे पुढचं सांगायची गरजच नव्हती. पोरांना मी सुट्टी दिली आणि लहानूबरोबर निघालो. या गोष्टीला आता महिना होत आला. रविवार उजाडला की पाय अजून आपसूक त्याच्या घराकडे वळतात, आणि मग कोपऱ्यावर उभं राहून मी स्वतःवरच चिडतो.

रामजी म्हणजे जव्हारच्या दरबारी दवाखान्यातला कंपाउंडर. मूळचा जामसरचा. नागली आणि भात पिकवणाऱ्या घरात मराठी शाळा शेवटपर्यंत शिकलेला तो एकटाच. मी संस्थानच्या शाळेत चित्रकला शिकवतो. स्वभावाने तिरसट आहे; हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. आमची ओळख झाली ती माझ्या पोटदुखीमुळे. रामजी औषधाच्या पुड्या बांधायला विलायती सचित्र साप्ताहिकांची रद्दी वापरायचा. जर्मनची मोठी लढाई संपून तेव्हा दोन-तीन पावसाळे झाले असतील. माझी पुडी बांधता बांधता तो मध्येच थांबला. कागद त्याने सरळ केला, हाताने चोळून सपाट केला आणि माझ्यापुढे धरून विचारलं, याखाली काय लिहिलंय वाचता का? मी वाचलं. जर्मन विमान, एका पंखाचं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके फूट. रामजीने माझी पावडर दुसऱ्या कागदात बांधली आणि तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. माझं पोट राहिलं बाजूला, मला त्या टोपीतल्या कागदाचंच कुतूहल लागून राहिलं.

त्याने लगेच काही सांगितलं नाही. सांगितलं ते पुढच्या खेपेला, आणि तेही मान खाली घालून. त्याचा धाकटा भाऊ सोमा लढाईत खेचरं हाकायला अरबस्तानात बसऱ्याकडे गेला होता. सोमा परत आला नाही, पण त्याच्याबरोबर गेलेला लहानू आला. लहानूने जामसरला येऊन सांगितलं की आभाळातून जर्मन आला, वरून आग टाकली आणि सोमा गेला. घरच्यांनी हंबरडा फोडला. सोमाची बायको गंगा मात्र रडली नाही. आभाळातून माणूस येतो होय? तिकडे दुसरी केली असेल त्यानं, आणि तुम्ही सगळे त्याला झाकताय, असं ती म्हणाली आणि कामाला लागली. कुंकू तिने पुसलं नाही. रोज संध्याकाळी सोमाच्या वाटणीची नागलीची भाकरी ताटलीत झाकून ती शिंक्यावर ठेवायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. तिने मानल्याशिवाय सोमाचे दिवस घालता येईनात. मोखाड्याकडचा एक भला गडी तिच्याशी पाट लावायला तयार होता, तोही ताटकळत होता. "मास्तर, पोरगी वाळत चाललीय," रामजी म्हणाला. "तिला ते विमान दाखवलं पाहिजे." खरं विमान जव्हारच्या आभाळात कोण आणणार? म्हणून मग आम्ही ते बनवायचं ठरवलं.

आमच्या छंदाचा जन्म हा असा. रामजी, मी आणि लहानू. लहानू बांबूकाम उत्तम करायचा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्यात तोच एक तिथे हजर होता. मी कागदावर माप पाडलं. एक बोट म्हणजे दोन हात, असा हिशेब धरला. अंगाला पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, कारण ते हलकं आणि सुरीला लोण्यासारखं. पंखांच्या फासळ्या बांबूच्या, त्यांवर दवाखान्यातलं पट्ट्यांचं कापड, आणि कापड ताणून बसावं म्हणून वरून तांदळाच्या पेजेचा हात. पेज वाळली की पंख टिचकी मारल्यावर वाजायचा. त्यावर जर्मनचा काळा क्रूस काढायचा तो दिव्याच्या काजळीने. काजळी पेजेत पसरते, हे शिकण्यात आमचे तीन पंख वाया गेले आणि मी रामजीला नको नको ते बोललो. तो ऐकून घ्यायचा, हसायचा आणि सरस पुन्हा चुलीवर ठेवायचा. बिऱ्हाडात एकटाच होता, लग्न केलं नव्हतं. विमान तयार झालं तेव्हा लहानूला खाली निजवून आम्ही ते त्याच्यावर धरलं. असंच होतं का रे? लहानू म्हणाला, असंच. मग रामजीने दुहेरी पंखांचं दुसरं चित्र काढून दाखवलं. असं होतं का? लहानू म्हणाला, असंबी असंल. एकावर एक असलेले दोन पंख खालून एकच दिसतात, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण पहिलं तयार होतं, म्हणून तेच घेऊन आम्ही जामसरला गेलो.

गंगाबाईने ते अंगणात ठेवलेलं विमान उभ्यानेच पाहिलं. चांगली उंचीपुरी, हाडापेराने मजबूत बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "याला त मी केरसुणीनं पाडीन." आणि आत निघून गेली. तिचं काय चुकलं? बोटाचे दोन हात करायचे, हे गणित माझ्या शाळेतल्या पोरांना कळत नाही, तर तिला का कळावं? पालथ्या घड्यावर पाणी, असं मी वाटेत पुटपुटलो, तर एरवी शब्दाने न दुखावणारा रामजी एकदम थांबला. तो म्हणाला, घडा पालथा नाही मास्तर, तो भरलेला आहे.

अख्खं विमान जमिनीवर आखायची कल्पना माझी. एवढ्या सगळ्या प्रकरणात मला मिरवण्यासारखी तेवढीच. भातकापणी झाली, खाचरं मोकळी झाली, तेव्हा आम्ही तिघे पुन्हा जामसरला गेलो. पेंढ्याचे दोर वळले, त्या बोटभर मापाचे हात करत करत दोर अंथरले आणि कडेने चुलीतली राख टाकली. पंखाचं एक टोक या बांधापाशी होतं आणि दुसरं टोक पलीकडचा बांध ओलांडून शेजारच्या खाचरात गेलं. गाव गोळा झालं. बोहाड्याच्या उत्सवात देवांचे मुखवटे लावून सोंगं नाचवणारे जाणते लोक ते, पण त्यांचीही थट्टा हळूहळू बंद पडली. गंगाबाई आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखाच्या कडेने चालत गेली, राखेवर पाय पडू न देता. परत आली आणि लहानूसमोर उभी राहिली.

"आवाज कसा व्हता त्याचा?"

लहानूने तोंड उघडलं. त्याला आवाज काढायचा होता, मी पाहत होतो. पण त्याच्या घशातून काही निघेना... आणि मग तो चार हात उंचीचा बाप्या, त्या राखेच्या पंखाखाली, धाडकन जमिनीवर पालथा पडला. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबलेले आणि डोळे गच्च मिटलेले. अंग थरथरत होतं. गंगाबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्याशेजारी खाली बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही महिनोन्‌महिने लाकूड तासून जे सांगू शकलो नाही ते तिला त्या पाठीत कळलं. ती तिथेच रडली. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते, कुणी मध्ये पडलं नाही. त्या संध्याकाळी तिने भाकरी झाकून ठेवली नाही. सोमाचे दिवस घातले गेले, आणि पुढल्या साली पाट लावून ती मोखाड्याकडे गेली.

परतताना माझ्या मनात एक किडा वळवळायला लागला. ज्याने डोळे असे मिटले, त्याने विमान पाहिलं कसं? मी रामजीला म्हटलं, अहो, लहानूने त्या वेळी... "मास्तर, राहू द्या," रामजी म्हणाला. त्यालाही ते दिसलं होतं. म्हणजे ते विमान एका पंखाचं होतं की दोन, हे आता या जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं. मला वाटलं, चला, काम फत्ते झालं, छंद इथेच संपला.

पुढच्याच रविवारी रामजी दुहेरी पंखांचं चित्र घेऊन दारात हजर. मग ते झालं, त्यानंतर कबुतरासारख्या पंखांचं, मग शेपटीला टोक असलेलं. जिथे जर्मन विमानाचं चित्र मिळेल तिथून तो आणायचा; राजवाड्यातल्या जुन्या अंकांवरून नक्कल करायला मला पाठवायचा. गावाने आम्हाला 'जर्मनवाले' हे नाव ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली होती. फासळ्या किती जवळ लावाव्यात, चाकं एरंडाच्या काडीची बरी की रिठ्याच्या बियांची, यावर लहानू आणि मी भांडभांड भांडायचो आणि रामजी सरस ढवळत आमच्यात तडजोड करायचा. आमचा तो रविवार म्हणजे सणच होता. रामजीसाठी तो सण नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं.

एकदा आम्ही शिरपामाळावरून एक विमान वाऱ्यावर सोडलं. ते चांगलं तरंगलं, वळलं आणि दरीतल्या झाडीत दिसेनासं झालं. लहानू आनंदाने नाचला. रामजी मात्र उतरणीला लागला. काटेकुटे, दगडधोंडे, कशाची पर्वा नाही. दिवस मावळायला आला, तरी हा आपला झुडपं उलथतोय. मी वरून ओरडलो की सोडा हो, दुसरं करू. तो वर आला तेव्हा हात ओरबाडून निघाले होते. दम घेत खाली बसला आणि म्हणाला, "पडलेलं दिसायला हवं, मास्तर. पडलेलं दिसलं नाही, तर ते अजून वर आहे असंच वाटत राहतं." मी त्याच्या हातांना पाणी लावलं. गंगाबाईला त्याने पटवलं, पण त्याला कोण पटवणार होतं!

शेवटचे काही महिने त्याला खोकल्याने धरलं. आयुष्यभर लोकांना औषधं बांधून दिली, स्वतः मात्र घेतली नाहीत. मी रागवायचो, तो विषय बदलायचा. शेवटच्या रविवारी त्याला बसवत नव्हतं, म्हणून निजूनच त्याने आढ्याला टांगलेल्या विमानांकडे बोट करून मला विचारलं, यांतलं तुम्हाला कोणतं वाटतं? मी म्हटलं, बरे व्हा, मग सांगतो. एक नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं...

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गंगाबाई आली. मोखाड्याकडून पायी, एकटी. केस पिकले आहेत आता, पण चाल तीच. लहानू आणि मी खोलीत बसलो होतो. डोक्यावर सगळी विमानं वाऱ्याने हळूहळू फिरत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ चुलीमागच्या कोपऱ्यात गेली, शिंक्याला हात घातला आणि झाकलेली ताटली खाली काढली. आत नागलीची भाकरी होती, वाळून लाकूड झालेली. रामजी रोज दोन भाकऱ्या थापायचा हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. एकटा माणूस, सकाळी उठून चूल कशाला, म्हणून दुसरी ठेवत असेल, असं मी धरून चाललो होतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि मी म्हणे पोरांना निरीक्षण शिकवतो.

गंगाबाई ताटली मांडीवर घेऊन खाली बसली. पदराने भाकरीवरची धूळ पुसली.

"मी ठेवायची सोडली," ती म्हणाली, "आन्‌ यानं धरली."

लहानूने तोंड फिरवलं. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायला गेलोही नाही. जरा वेळाने ती उठली, अंगणात गेली आणि भाकरीचा चुरा करून दोन पानांवर ठेवला, एक थोरल्याचं आणि एक धाकट्याचं. कावळे यायला वेळ लागला नाही. मग रिकामी ताटली तिने घासून परत शिंक्यावर ठेवली आणि आल्या वाटेने निघून गेली.

सरसाचं भांडं मी घरी आणलं आहे. विमानं मात्र हलवली नाहीत. परवा लहानू आला होता, तेव्हा दोघं त्या खोलीत गेलो आणि रामजी निजायचा त्या जागी पाठ टेकून पडलो. आढ्याला इतकी जर्मन विमानं, आणि त्यांच्यातच ते शिंकं. वारा आला की तेही त्यांच्याबरोबर फिरतं. लहानू या खेपेला डोळे उघडे ठेवून बघत होता.